रिकामा डबा

आमच्या घरात एक नियम होता, कुठे लिहिलेला नव्हता पण दहा आज्ञांपेक्षा कडक पाळला जायचा. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत द्यायचा नाही. काही नसलं तर चमचाभर साखर, चार शेंगदाणे, अगदीच महिनाअखेर असली तर दारातल्या कढीपत्त्याची डहाळी, पण भांडं रिकामं जाता कामा नये. तसा हा नियम सगळ्याच मराठी घरांत असतो म्हणा, पण आमच्या आजीने त्याचा अगदी धर्म केला होता. कुणी वाटीभर कालवण दिलं तर तिला ते गोड लागायचं नाही, परत काय द्यायचं ते ठरेपर्यंत.

मागच्या श्रावणात मी बाथरूममध्ये घसरले. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, रॉड पडला आणि डॉक्टर म्हणाले दीड महिना पाय टेकवायचा नाही. मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्यात, तो येऊन जाऊन करत होता पण त्याचीही नोकरी आहे. मग डबे सुरू झाले. देवळातल्या बायकांचे (आम्ही नगरचे जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो, नगरचं आता अहिल्यानगर झालंय पण तोंडात तेच बसलंय), शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांचे, खालच्या मजल्यावरचे. दोन आठवड्यांत ओट्यावर सात डबे जमा झाले. पलंगावरून मला ते दिसायचे. एकावर कुणाच्या तरी लग्नाची तारीख कोरलेली, एकावर 'वास्तुशांत १९९४', एकावर नुसतं आडनाव. घासून, पालथे घातलेले, रिकामे. आणि मला रात्री झोप लागेना, पाय दुखायचा म्हणून नाही, त्या डब्यांमुळे.

हसू नका. खरंच सांगतेय.

आणि त्यात सगळ्यात मोठा डबा होता समोरच्या वहिनींचा. त्यांच्याशी माझं चार वर्षं बोलणं नव्हतं. कारण मीच. मी सोसायटीची खजिनदार होते, हिशोब चोख ठेवायचा ही माझी हौस, आणि एका वर्षी मी थकबाकीदारांची यादी छापून खाली लिफ्टजवळ लावली होती. नाव, फ्लॅट नंबर, रक्कम, सगळं बोल्ड अक्षरात. त्यात त्यांचं नाव दुसरं होतं. त्यांच्या मिस्टरांची कंपनी तेव्हा बंद पडलेली होती हे मला माहीत होतं. माहीत असून लावली. नियम म्हणजे नियम. त्यांनी पुढच्या तीन महिन्यांत एक-एक रुपया भरला आणि त्यानंतर मी समोरून आले की त्या चपला बघायच्या. त्या वहिनी ऑपरेशननंतर मी घरी आले त्याच संध्याकाळी दार लोटून आत आल्या, भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा. म्हणाल्या, "लसूण चालतो ना?" बस्स एवढंच. आणि मग रोज.

मला राग आला होता. कृतज्ञता वगैरे नाही, आधी रागच आला. ही बाई मला लहान करायला आलीय असंच वाटलं.

हा राग कुठून आला त्याचा विचार करत मी बरेच दिवस पडून होते, आणि विचार करता करता आजीपाशी पोचले. माझ्या पणजोबांचं घर महारवाड्यात. अमेरिकन मिशनची माणसं नगरला १८३१ मध्ये आली, शाळा काढल्या, दवाखाने काढले, पण खेड्यापाड्यांतून आमच्यासारखे लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले ते बरंच नंतर, १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळाच्या आगेमागे. आणि तेव्हापासून आमच्या कपाळावर एक शिक्का बसला तो बसलाच. बाटगे. पोटासाठी बाटले. मी शाळेत होते तेव्हाही कुणीतरी म्हणायचंच, तुम्हाला काय बाबा, तुमचं सगळं फुकट. गंमत म्हणजे ७२ च्या दुष्काळात अख्ख्या जिल्ह्याने रेशनवरचा मिलो खाल्ला, दुष्काळी कामावर सुकडी खाल्ली, पण त्यासाठी कुणाला कुणी बाटगा म्हटलं नाही. ते फक्त आम्हाला. आणि ज्या माणसाला गावाने पाणी भरू दिलं नाही तो उपाशी असताना कुणी त्याला जेवण आणि पाटी दोन्ही दिलं, तर तो पोटासाठी गेला की माणूस म्हणून गेला, हे ठरवणारे आपण कोण, असं मला आता वाटतं. तेव्हा नाही वाटायचं. तेव्हा नुसती लाज वाटायची.

तर या 'फुकट' शब्दाला उत्तर म्हणून आमच्या घराने तीन पिढ्या काढल्या. आजोबा मास्तर, आई नर्स, मी शिक्षिका. कुणाचं देणं ठेवायचं नाही, उसनं आणायचं नाही, मार्क पडलेच पाहिजेत, युनिफॉर्मला इस्त्री असलीच पाहिजे, आणि डबा भरून गेलाच पाहिजे. आजीचा तो नियम म्हणजे त्या टोमण्याला दिलेलं रोजचं उत्तर होतं.

आणि रविवारी हीच आजी आमचं बोट धरून ज्या देवळात न्यायची तिथे शिकवायचे काय? तर तारण, म्हणजे पापातून सुटका, फुकट आहे!

शब्बाथशाळेत वचनं पाठ करून घ्यायचे. बायबलातलं इफिसकरांस पत्र, दुसरा अध्याय, आठवी-नववी ओवी. आम्ही ओवीच म्हणतो. त्यात प्रेषित पौल म्हणतो की तुमचं तारण कृपेने झालंय, विश्वासाच्या द्वारे, ते तुमच्या हातून झालेलं नाही, ते देवाचं दान आहे, कर्मांनी झालेलं नाही, कुणी आढ्यता बाळगू नये म्हणून. 'आढ्यता' हा शब्द उच्चारता आला म्हणून मला पहिलं बक्षीस मिळालं होतं, झाकणावर मोर असलेली कंपासपेटी. ती मी वर्षभर वर्गात मिरवली. आढ्यता बाळगू नये हे वचन न चुकता म्हटल्याबद्दल मिळालेली पेटी मिरवत होते, आणि यातला विनोद मला कळायला पन्नाशी उलटावी लागली.

म्हणजे बघा, ख्रिस्ती धर्मातली ही एक गोष्ट इतकी साधी आहे की लहान पोराला पाठ होते आणि इतकी अवघड की जन्मभर गळ्याखाली उतरत नाही. माणूस चांगलं वागून, दान करून, उपास करून, देवळाच्या बाकावर तीस वर्षं बसून देवाच्या वहीत जमा वाढवू शकत नाही. जमेची बाजूच नाही तिथे. जे काही आहे ते ख्रिस्ताने वधस्तंभावर केलंय, आणि आपण फक्त हात पुढे करायचा. ऐकायला गोड. पण करून बघा. ज्याने कधी कुणापुढे हात पसरला नाही त्याला विचारा हात पुढे करणं म्हणजे काय असतं.

मार्टिन लूथरची, ज्या जर्मन साधूपासून आमचा प्रोटेस्टंट पंथ सुरू झाला त्याची, मला म्हणूनच दया येते, आणि तो आवडतोही, जरी शेतकऱ्यांच्या १५२५ च्या उठावात त्याने सरदारांची बाजू घेतली आणि म्हातारपणी ज्यूंबद्दल जे लिहिलं ते वाचवत नाही. पण तरुणपणीचा लूथर म्हणजे आमच्या घरातलाच माणूस. १५०५ मध्ये वादळात सापडला, जवळच वीज पडली, घाबरून संत ॲनाला नवस बोलला की वाचव, मी साधू होतो. वाचला, आणि खरंच एरफुर्टच्या मठात गेला. नवस फेडायचा म्हणजे फेडायचा. तिथे उपास, जागरणं, थंडीत पांघरूण न घेता झोपणं, सगळं. पापं कबूल करायला बसला की तासन्‌तास बसायचा, सहा-सहा तास सुद्धा, आणि उठून गेला की आठवायचं अरे एक राहिलंच, परत यायचा. त्याचा वरिष्ठ श्टाउपिट्स बिचारा कंटाळून जायचा. मला हे इतकं ओळखीचं वाटतं! रात्री गॅस बंद केलाय का ते तीनदा बघणाऱ्या बाईला लूथर समजावून सांगावा लागत नाही.

मग तो रोमला गेला. तिथे संगमरवरी अठ्ठावीस पायऱ्यांचा एक जिना आहे, येशूला रोमन सुभेदार पिलाताच्या वाड्यात ज्या पायऱ्यांवरून नेलं त्याच या अशी परंपरा. लोक तो गुडघ्यांवर चढतात, अजूनही. लूथरसुद्धा चढला, आणि स्वतःसाठी नाही तर मेलेल्या आजोबांच्या आत्म्याच्या सुटकेसाठी. एकेक पायरी, एकेक प्रार्थना. नातवाने गुडघे फोडून घेतले म्हणून आजोबा सुटले का, हे वर गेल्यावर कोण सांगणार?

पुढचं सगळ्यांना माहितीये, पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रकं पैशांवर विकली जात होती आणि त्याविरुद्ध त्याने ३१ ऑक्टोबर १५१७ ला विटेनबर्गमध्ये पंच्याण्णव मुद्दे काढले वगैरे. पण मला त्या मुद्द्यांपेक्षा त्याच्या खोलीतली गोष्ट मोठी वाटते. रोमकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात 'देवाचं नीतिमत्त्व' असा शब्द आहे, आणि त्या शब्दाचा त्याला तिटकारा होता, हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. कारण त्याला वाटायचं नीतिमत्त्व म्हणजे देवाची पट्टी, जिने तो आपल्याला मोजणार आणि आपण कमी भरणार. ते वाक्य उलटंसुलटं करता करता एक दिवस त्याच्या लक्षात आलं की हे देव मागत नाहीये, देतोय. वाक्य तेच, अक्षरं तीच, फक्त देणारा-घेणारा फिरला. त्याला वाटलं स्वर्गाची दारं उघडली.

आणि मरण्याच्या दोन दिवस आधी, फेब्रुवारी १५४६ मध्ये, त्याने एका चिठोऱ्यावर शेवटचं जे खरडलं त्याचा शेवट असा आहे: आम्ही भिकारी आहोत, हे खरं.

भिकारी! ज्या शब्दापासून पळण्यात आमच्या तीन पिढ्या गेल्या, तो शब्द युरोप हलवून सोडलेला माणूस शेवटच्या कागदावर स्वतःहून लिहून जातो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आजीला हे कुणी सांगायला हवं होतं असं वाटलं. मग वाटलं, नको, तिने सांगणाऱ्याला चहा पाजून, हातावर लाडू ठेवून वाटेला लावलं असतं.

माझी वसईची मैत्रीण, ती कॅथलिक, मी असं लूथर-लूथर करायला लागले की चिडते. म्हणते तुम्हाला वाटतं आम्ही पुण्य विकत घेतो. तिचं बरोबर आहे. कॅथलिक चर्चच्या त्रेंटच्या परिषदेनेसुद्धा १५४७ मध्ये स्पष्ट म्हटलंय की ज्याने माणूस नीतिमान ठरतो ती कृपा आधीच्या कुठल्याही कर्माने कमावता येत नाही. भांडण होतं ते त्यानंतरच्या गोष्टींवर, माणसाचा त्यात हात किती, चांगल्या कर्मांना फळ आहे का नाही, यावर. आणि त्या भांडणात चारशे-साडेचारशे वर्षं गेल्यावर ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत आउग्सबुर्गला लूथरन जागतिक संघाने आणि कॅथलिक चर्चने एकत्र कागदावर सह्या केल्या की या बाबतीत मूळ गाभ्यात आपलं एकमत आहे. सगळे वाद मिटले असं नाही, पण आमच्या दोघींचा मिटला. आता आम्ही फक्त निर्मळच्या सुकेळ्यांवरून भांडतो.

पंडिता रमाबाईंचं मात्र मला सगळ्यात जवळचं वाटतं. त्यांचं केडगाव दौंडकडचं, पुणे जिल्ह्यातलं, आमच्या नगरला चिकटून एक केडगाव आहे ते नव्हे, बाहेरचे लोक नेहमी गोंधळ करतात. रमाबाईंचं लहानपण तीर्थयात्रांत गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान, बायको-मुलांना घेऊन गावोगाव पुराण सांगत फिरायचे. जे मिळेल ते दानधर्मात, पुण्य जमा व्हावं म्हणून. आणि मग दुष्काळ आला आणि पैसा संपला, दागिने गेले, भांडीकुंडी गेली, देवासमोर अनुष्ठानं चालूच, शेवटी रानातला पाला खायची वेळ आली आणि आईवडील गेले. इथे मला बोट दाखवायचं नाहीये हां, कारण रोमच्या पायऱ्यांवर गुडघे फोडणारा लूथर आणि हे कुटुंब यांत मला काही फरक दिसत नाही. दोघेही आपल्या हाताने देवाचं देणं फेडायला निघाले होते.

पण रमाबाईंची खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'सरस्वती' पदवी दिली. १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि त्यानंतर पुष्कळ वर्षांनी त्यांनी मोकळेपणाने लिहिलं की बाप्तिस्मा झाला तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. धर्म डोक्याला पटला होता, पण आपण जशा आहोत तशा, काहीही न आणता, त्याच्यापुढे उभं राहायचं हे आठेक वर्षांनी उमगलं. आठ वर्षं! त्या काळात त्या अमेरिकेत व्याख्यानं देऊन आल्या होत्या, ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं होतं, विधवांना शिकवत होत्या. म्हणजे जमेची बाजू भरभरून वाहत होती. आणि ती बाई म्हणते, हे सगळं असून माझे हात रिकामेच होते. केडगावच्या संस्थेला त्यांनी नाव काय दिलं? मुक्ती. दुष्काळातल्या बायका गाड्या भरभरून आणल्या तिथे, आणि येताना तू काय घेऊन आलीस असं कुणाला विचारलं नाही.

आता यावर जो प्रश्न येतो तो मला नववीच्या पोरांनीही विचारलाय. मग बाई, काहीही करा आणि शेवटी माफी मागा, झालं का? हा प्रश्न पौलालाही लोकांनी विचारला होता, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, आणि तो जवळजवळ ओरडतो की कधीच नाही. जर्मनीत डीट्रिख बोनहोफर नावाचा पाळक होता, त्याने अशा कृपेला 'स्वस्त कृपा' म्हटलं, आणि हिटलरच्या लोकांनी त्याला ९ एप्रिल १९४५ ला फाशी दिलं, त्यामुळे त्याला ते म्हणायचा अधिकार होता. पण मला या प्रश्नाचं उत्तर बायबलातल्या जक्कयाच्या गोष्टीत मिळतं. जक्कय जकातदारांचा मुख्य, बुटका, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढून बसला. येशू खाली थांबून म्हणतो, उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. तो मग उभा राहून म्हणतो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलंय त्याला चौपट परत. चौपट! व्याजासकट हिशोब झाला की. पण क्रम बघा. आधी येशू घरी यायचं म्हणाला, मग वही उघडली. मी असते तर आधी थकबाकी भरून पावती दाखव म्हटलं असतं. लिफ्टजवळ यादी लावली असती.

आमच्या मामाचं असंच झालं. मामा दारू प्यायचा. आईच्या बांगड्या त्याने दोनदा विकल्या, मामीला माहेरी जाऊन राहावं लागलं, दवाखान्याची बिलं आम्ही भरली. शेवटच्या आठवड्यात त्याने पाळकसाहेबांना बोलावलं, रडला, प्रभुभोजन घेतलं, चार दिवसांनी गेला. आणि दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले आपला बंधू प्रभूमध्ये झोपी गेला आहे, त्याच्या तारणाबद्दल शंका नको. मी कबरस्तानात उभी राहून दात-ओठ खात होते. माझ्या आईने चाळीस वर्षं देवळाच्या मेजाची पांढरी चादर धुऊन, खळ लावून, इस्त्री करून नेली होती. आणि दोघांना एकच?

येशूने सांगितलेला मजुरांचा तो दाखला मी तेव्हा नव्याने वाचला. मत्तयाचा विसावा अध्याय. मळेवाला पहाटे मजूर अड्ड्यावर जातो, दिवसाचा एक दिनार ठरवून माणसं घेतो. नऊला परत जातो, बाराला, तीनला, आणि संध्याकाळी पाचला सुद्धा. आपल्याकडे मजूर अड्डा कुणी पाहिला असेल तर त्याला कळेल पाच वाजता तिथे कोण उरलेलं असतं. सकाळी आठच्या आत धट्टेकट्टे गडी टेम्पोत बसून गेलेले असतात. नंतर बायका जातात. दुपारी राहतो तो म्हातारा, लंगडा, आदल्या रात्रीची उतरली नाही असा, कुणाला नको असलेला, थापी आणि घमेलं पायाशी ठेवून उकिडवा बसलेला. पण घरी चूल त्यालाही आहेच. तो मालक पाच वाजता त्याला म्हणतो तूही चल, आणि तासाभराने त्याला पूर्ण दिवसाची मजुरी देतो, तीही आधी, पहाटेच्या गड्यांच्या डोळ्यांदेखत. ते चिडतात. चिडणारच. मी तर युनियन काढली असती. मालक म्हणतो, तुझं ठरलेलं तुला दिलं ना? मग मी उदार आहे म्हणून तुझ्या डोळ्यात का सलतं?

वर्षानुवर्षं हा दाखला ऐकताना मी स्वतःला पहाटेचा गडी समजत होते.

आईला मी तेव्हा विचारलं होतं, मामाचं असं कसं चालतं गं? ती चादरीची घडी घालत होती, एक टोक माझ्या हातात दिलं, ओढ म्हणाली, आणि म्हणाली, "त्याला मिळालं म्हणून माझं कमी झालं का?" मग थोड्या वेळाने, "बांगड्यांचं मात्र मी विसरले नाहीये." माझी आई म्हणजे कुठल्याही परिषदेपेक्षा सरस.

समोरच्या वहिनी वारकरी आहेत, गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी आषाढीला जमेल तेवढं चालतात. रोज डबा उघडून ठेवता ठेवता हळूहळू बोलणं सुरू झालं. मी त्यांना मजुरांचा दाखला सांगितला तर त्यांनी अजामेळाची गोष्ट सांगितली, जन्मभर वाईट वागला आणि मरताना पोराला 'नारायणा' म्हणून हाक मारली तेवढ्यावर सुटला. म्हणाल्या, आमच्या कीर्तनात हे ऐकून लोक हसतात, पण प्रत्येकाला आपला नंबर लागेल असं वाटतं. मग माकडाचं पिल्लू आणि मांजराचं पिल्लू निघालं. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवतं, सुटलं की पडलं. मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, आई मानेला धरून नेते. मी म्हटलं मी माकड आहे. त्या म्हणाल्या ते सोसायटीत सगळ्यांना माहितीये.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढची बरीच वर्षं त्यांनी आमच्याच गावात काढली. दोन्ही काठ एकच आहेत असं मी म्हणणार नाही, मला ते तसे वाटत नाहीत, वधस्तंभ मध्ये काढून घेतला तर माझ्याकडे काही उरत नाही. पण पतितपावन हा शब्द ज्या भाषेत रोजचा आहे त्या भाषेत ही गोष्ट परकी नाही एवढं नक्की.

दहाव्या-अकराव्या दिवशी मी धीर केला. म्हटलं, "वहिनी, ती नोटीस... लिफ्टजवळची..." मला पुढे बोलता येईना. रोज सकाळी मी प्रभूची प्रार्थना म्हणते. मराठीत तिच्यात स्पष्ट शब्द आहे, ऋण. आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. खजिनदार असताना सुद्धा म्हणत होते, यादी टाइप केली त्या सकाळी पण म्हटली असणार. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मग ताटाकडे, आणि म्हणाल्या, "पिठलं गार होतंय." त्यानंतर हा विषय आमच्यात निघालेला नाही.

वॉकर सुटून काठी आली तेव्हा डबे परत करायला निघाले. सहा भरून गेले, मुलाकडून चिवडा मागवला होता, लाज नाही वाटत सांगायला. सातवा वहिनींचा. त्यांनी आधीच बजावलं होतं, "बाई, भरून देऊ नका हं. तुम्ही भरून दिलात की मला भरून द्यावा लागणार, मग परत तुम्ही, हे संपायचं कधी? माझा डबा मला नुसता पाहिजे, यांना टिफिनला लागतो."

मी तो घासला, पुसला, सवयीने साखरेची बरणी उघडली, दोन चमचे टाकले, झाकण लावलं. मग झाकण काढलं, साखर परत बरणीत ओतली, पदराने आतून पुसला. काठी एका हातात, डबा दुसऱ्या हातात, समोरच्या दारापर्यंतची ती आठ पावलं टाकताना मला रस्त्यावरून उघडं चालल्यासारखं वाटत होतं. बेल वाजवली. वहिनींच्या हाताला पीठ लागलेलं, गॅसवर दूध. त्यांनी डबा घेतला, झाकण उघडून आत बघितलं, बोटाने कडेला चाचपलं आणि हसायला लागल्या.

"चार दाणे राहिलेच की, बाई."